नकोशी कामं घ्यावीत, पण मुक्कामाला ठेवू नयेत

प्रश्न थोडक्यात असा: आठ जणांची टीम आहे. ग्राहकांच्या मेलचा सामायिक इनबॉक्स आणि दर आठवड्याचा स्थिती-अहवाल ही दोन कामं कुणालाच नको होती, म्हणून तुम्ही ती आपणहून घेतली. टीम खूश आहे. वार्षिक मूल्यमापनात मात्र 'मदतीला कायम तयार, पण मुख्य कामात छाप कमी' असा शेरा मिळाला. आता ही कामं सोडायची की करत राहायची, आणि अशी कामं मुळात अंगावर घ्यायचीच कशाला, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी उत्तर, मग कारणं. इनबॉक्स लगेच सोडू नका, पण तो चालवण्याची पद्धत बदला. अहवाल मात्र सोडा, आणि लवकर सोडा. नकोशी कामं घ्यावीत का, याला माझं उत्तर 'हो' असंच आहे. सपोर्ट आणि ऑपरेशन्सच्या टीम सांभाळताना मी ज्या माणसांवर सर्वांत जास्त विसंबून राहिले, ती जवळजवळ सगळी अशी कामं उचलणारीच होती. त्यांनी काम उचललं ते संपवायला, निदान लहान करायला. तुमच्याकडे मात्र ते मुक्कामाला आलं आहे.

नकोसं काम पडून राहिलं की पहिला आरोप होतो लोकांच्या वृत्तीवर. कुणाला जबाबदारीच नको, जो तो आपापलं बघतो, वगैरे. हे निदान बहुतेक वेळा चुकतं. आंद्रेआस डीकमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने 1985 मध्ये या पेचाची गणिती मांडणी केली. एकाने झीज सोसली तर सगळ्यांचा फायदा. कुणीच सोसली नाही तर सगळ्यांचं नुकसान. अशा वेळी प्रत्येक जण दुसरं कुणी पुढे होतंय का ते बघत थांबतो, आणि गट जितका मोठा तितकी एकेकाने पुढे येण्याची शक्यता कमी होत जाते. दोघांच्या टीममध्ये जे काम बोलता बोलता उरकतं, त्याचंच आठ जणांत भिजत घोंगडं होतं. माणसं तीच असली तरी! म्हणून 'ओनरशिप घ्या' अशी भाषणं देऊन काही हलत नाही. नाव लिहिलं की हलतं: या आठवड्यात अमुक, पुढच्या आठवड्यात तमुक.

सामायिक इनबॉक्सचं तर हे ठरलेलं दुखणं आहे. सगळ्यांना मेल जातो, म्हणजे कुणालाच जात नाही. याचं सर्वांत महागडं उदाहरण माझ्या माहितीत नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीचं आहे. 1 ऑगस्ट 2012 रोजी त्यांची नवी प्रणाली सुरू व्हायची होती. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला. त्या सर्व्हरवर 2003 पासून वापरात नसलेला एक जुना कोड तसाच पडून होता. बाजार उघडल्यावर तो चालू झाला. सुमारे 45 मिनिटांत 40 लाखांहून अधिक सौदे होऊन बसले आणि कंपनीचं 46 कोटी डॉलरपेक्षा जास्त नुकसान झालं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने जो आदेश काढला त्यातला एक तपशील मी प्रत्येक नव्या टीमला सांगते. त्या सकाळी बाजार साडेनऊला उघडण्याआधी कंपनीच्याच यंत्रणेने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला 97 मेल पाठवले होते. त्या प्रत्येक मेलमध्ये त्या जुन्या कोडचं नाव होतं. पण ते मेल धोक्याची सूचना म्हणून तयार केलेले नव्हते आणि आल्या आल्या वाचायची कुणाची रीतही नव्हती.

आता या गोष्टीत किती नकोशी कामं आहेत ते बघा. जुना, मेलेला कोड काढून टाकणं. आठही सर्व्हरवर काम झालं की नाही हे दुसऱ्या माणसाने ताडून बघणं. आपोआप येणाऱ्या मेलची छाननी करून कोणते महत्त्वाचे ते ठरवणं. यातल्या एकाही कामासाठी कुणाला बढती मिळाली नसती. त्यामुळे 'ही तर लष्कराच्या भाकऱ्या भाजणं' असं जे तुमच्या मित्राने तुम्हाला ऐकवलं, ते अर्धंच बरोबर आहे. भाकऱ्या कुणीतरी भाजाव्याच लागतात. प्रश्न आहे तो कोणत्या, किती दिवस आणि कुणाला सांगून.

कोणतं काम घ्यायचं हे ठरवायला मी एकच प्रश्न वापरते: महिनाभर हे कुणीच केलं नाही तर काय होईल?

'काही नाही' असं उत्तर आलं तर ते काम घेऊ नका, बंद करायचा प्रस्ताव मांडा. तुमचा साप्ताहिक अहवाल बहुधा याच जातीचा आहे. असे अहवाल कधीतरी एखाद्या अडचणीच्या काळात सुरू होतात, अडचण मिटते, मागणारा साहेब दुसऱ्या विभागात जातो आणि अहवाल मागे उरतो. तो वाचला जातो का हे थेट विचारू नका. 'हो, उपयोगी आहे' असंच सगळे म्हणतील. कुणाच्या मेहनतीला तोंडावर निरुपयोगी कोण म्हणेल? विचारायचं असं: 'यातला कोणता आकडा बघून तुम्ही गेल्या महिन्यात काय ठरवलं?' ज्याला उत्तर देता येईल त्याला तेवढाच आकडा पाठवा. बाकीचा अहवाल थांबवा, आणि थांबवतोय हे आधी सांगून थांबवा. काही जण गुपचूप बंद करून कोण ओरडतं ते बघतात. मला ते पटत नाही. एखाद्याला खरंच गरज असेल तर त्याला ते ऐन वेळी कळतं आणि विश्वास जातो तो तुमच्यावरचा.

'एकट्या अमुकचं काम अडेल, कारण ते त्याचंच आहे आणि तो टाळतोय' असं उत्तर आलं तर त्यात पडू नका. ती मदत ठरत नाही, त्याच्या टाळाटाळीला तेवढी मुदत मिळते.

'ग्राहक ताटकळतील, रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती) रखडेल, नवा माणूस दोन आठवडे नुसता बसून राहील, ऑडिटला कागद सापडणार नाही' असं उत्तर आलं तर ते काम घ्या.

अशा कामांतही डावं-उजवं असतंच. काही कामं करताना टीमचं आतलं सगळं दिसतं. ग्राहकांचे मेल, रिलीजच्या दिवशीची धावपळ, नव्या माणसाला परवानग्या मिळवून देणं, बिघाड झाल्यावर त्याची टिपणं लिहिणं, कधी पास कधी फेल होणाऱ्या टेस्ट दुरुस्त करणं, महिनाअखेरीस न जुळणारे आकडे जुळवणं. यातलं कुठलंही काम काही आठवडे मन लावून करा, कोणता दुवा कच्चा आहे हे तुम्हाला टीमप्रमुखापेक्षा जास्त कळेल. मीटिंगची खोली धरून ठेवणं, निरोप समारंभाची वर्गणी गोळा करणं, पन्नास जणांच्या सोयीची वेळ शोधणं यातून असं काही हाती लागत नाही. ही कामं वाईट नाहीत, पण ती पाळीनेच व्हायला हवीत. 'तू छान करतेस' हे कौतुक अशा कामासाठी आलं की सावध व्हावं.

मीटिंगचं इतिवृत्त लिहिणं या दोहोंच्या मधे कुठेतरी येतं. काय ठरलं हे शब्दांत मांडणारा माणूस बऱ्याचदा काय ठरलं हेच ठरवतो, त्यामुळे त्या कामात ताकद आहे. पण जो लिहीत असतो तो बोलू शकत नाही. तुमचं मत ज्या विषयात मोलाचं आहे त्या मीटिंगला लेखणी दुसऱ्याच्या हातात असू दे.

आता इनबॉक्स. इथे जरा थांबते, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथेच आहे. तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी दीड-दोन तास मेलना उत्तरं देण्यात जातात आणि संध्याकाळपर्यंत इनबॉक्स रिकामा असतो. इनबॉक्स रिकामा करणं हे ध्येय ठेवलंत तर तो उद्या पुन्हा भरणार आणि तुम्ही आयुष्यभर रिकामा करत बसणार. ध्येय ठेवा, मेल कमी यावेत हे.

पहिले दोन आठवडे पद्धत तीच ठेवा, फक्त प्रत्येक मेलमागे एका तक्त्यात चार गोष्टी नोंदवा. कुणी विचारलं, काय विचारलं, उत्तर देण्यासाठी तुम्हाला आणखी कुणाला विचारावं लागलं का, आणि हा मेल येण्याची वेळच आली नसती असं काही करता आलं असतं का. चौथा रकाना महत्त्वाचा. भरायला कंटाळा येतो, तरी भरा. या टप्प्यावर ऑटोमेशनच्या फंदात पडू नका. हुशार माणसं इथेच घाई करतात: पहिल्याच आठवड्यात मेल आपोआप वर्गवार लावणारी स्क्रिप्ट लिहितात आणि जे मेल यायलाच नको होते ते आता अधिक सुबक रांगेत येऊ लागतात.

दोन आठवड्यांनी तक्ता वर्गवार लावा. मी असे तक्ते ज्या ज्या टीममध्ये करवून घेतले तिथे मोजक्या चार-पाच कारणांत बहुतेक मेल बसले. नेहमी दिसणारी कारणं सांगते. 'माझ्या विनंतीचं काय झालं?' हे पहिलं. काम चालू असतं, पण समोरच्याला त्याचा पत्ता नसतो. त्यावर उपाय म्हणजे काम एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर गेलं की आपणहून दोन ओळी पाठवणं. दुसरं, एखाद्या फॉर्ममधला असा रकाना की ज्याचा अर्थ तो तयार करणाऱ्यालाच माहीत आहे. तिसरं, 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असली चूक-सूचना, जिच्यातून काय चुकलं आणि कुणी सुधारायचं हे कळत नाही. चौथं, चुकीच्या दारावर आलेली माणसं, ज्यांचा प्रश्न मुळात दुसऱ्या विभागाचा आहे. आणि उरलेले खरे, नवे, विचार करायला लावणारे प्रश्न. माणसाने उत्तर द्यायला हवं ते फक्त या शेवटच्यांना.

यातलं सर्वांत मोठं कारण घ्या आणि ते मुळापासून काढा. एकच. फॉर्ममधला रकाना बदलायला दुसऱ्या टीमची गरज असेल तर तक्ता घेऊन त्यांच्याकडे जा. 'तुमचा फॉर्म लोकांना कळत नाही' असं म्हटलं तर वाद होतो. 'या रकान्यामुळे दोन आठवड्यांत इतके मेल आले, त्यातले हे पाच वाचून बघा' असं म्हटलं की बहुतेक वेळा त्याच दिवशी बदल होतो. लोकांना आपल्या कामाचा त्रास कुणाला होतोय ते दिसतच नसतं. इनबॉक्सवर बसलेल्या माणसाला ते दिसतं, आणि त्याची खरी किंमत हीच आहे.

मग एक पान लिहा. नेहमी येणारे प्रश्न, त्यांची तयार उत्तरं, कोणता प्रश्न कुणाकडे वळवायचा, कोणत्या गोष्टीचं आश्वासन कधीच द्यायचं नाही, आणि कोणता मेल आला तर हातातलं सोडून फोन उचलायचा. एका पानापेक्षा जास्त झालं तर कुणी वाचणार नाही. ते पान खरंच पुरेसं आहे का हे कळायचा एकच मार्ग: आठवडाभर दुसऱ्या कुणाला तरी इनबॉक्स चालवायला द्या. ती व्यक्ती जिथे जिथे तुम्हाला विचारायला येईल तिथे पानात भोक आहे. उत्तर तोंडी देऊ नका, पानात लिहून 'आता बघ' म्हणा. हे थोडं खडूसपणाचं वाटतं खरं, पण तोंडी दिलेलं प्रत्येक उत्तर ते काम परत तुमच्या गळ्यात बांधतं.

अशा कामाला वरची मर्यादा असावी, हा विचार काही माझा एकटीचा नाही. गूगलमध्ये प्रणाली चालत्या ठेवणाऱ्या ज्या साइट रिलायबिलिटी इंजिनीअरिंग टीम आहेत, त्यांनी हाताने करायच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या, मागे टिकाऊ असं काही न ठेवणाऱ्या कामाला 'टॉइल' असं नाव दिलं आहे आणि ते एकेका इंजिनीअरच्या वेळेच्या निम्म्याहून कमी असावं असं जाहीर उद्दिष्ट ठेवलं आहे. उरलेला वेळ हे काम पुढे कमी होईल अशा गोष्टी करण्यासाठी. ज्यांचा व्यवसायच हा आहे त्यांची ही मर्यादा. तुमच्या नेमणुकीत इनबॉक्सचा उल्लेखही नाही, तेव्हा तुमची मर्यादा त्याहून बरीच खाली हवी. आठवड्याचा एक दिवस मला जास्तीत जास्त वाटतो.

आता मूल्यमापनाच्या शेऱ्याकडे येते. तो तुम्हाला अन्यायाचा वाटतो. काही अंशी आहेही. पण दोन शक्यता तपासून बघा असं मी सांगेन, आणि दुसरी जरा बोचणारी आहे.

पहिली शक्यता: साहेबांना माहीतच नाही. डेनिस ऑर्गन या व्यवस्थापन-अभ्यासकाने 1988 मध्ये अशा वागण्याची जी व्याख्या दिली तिच्यातच ही गोम आहे. नेमणुकीच्या बाहेरचं, स्वतःच्या मर्जीने केलेलं, संस्थेच्या कारभाराला एकंदरीत उपकारक, आणि औपचारिक बक्षीस-पद्धतीत ज्याची थेट दखल नाही असं वर्तन. म्हणजे दखल न घेतली जाणं हा अपघात नसतो, ते या कामाच्या घडणीतच आहे. बिनबोभाट केलेलं काम बिनबोभाटच राहतं. तेव्हा दखल घ्यायला लावणं हाही कामाचाच भाग धरा, आणि तो शेवटी करायचा नसतो, सुरुवातीला करायचा असतो. काम उचलण्याआधी साहेबांना तीन गोष्टी सांगाव्यात: काय घेतोय, कधीपर्यंत, आणि त्यामुळे काय मागे पडेल. 'इनबॉक्स तीन महिने माझ्याकडे घेतो. तोपर्यंत मेल निम्म्यावर आणून पाळी लावून देतो. तेवढ्या काळात माझा अमुक प्रकल्प महिनाभर पुढे जाईल, चालेल ना?' साहेब 'नको, प्रकल्प आधी' म्हणाले तर तेही बरंच झालं. कशाला जास्त किंमत आहे ते कळलं. 'चालेल' म्हणाले तर वर्षाच्या शेवटी प्रकल्प मागे का पडला हा प्रश्न उरत नाही. वाक्यातलं तिसरं अंग लोक गाळतात, कारण मदत करताना हिशेब मांडणं बरं दिसत नाही असं वाटतं. भीड ही भिकेची बहीण, हे इथे तंतोतंत लागू पडतं.

दुसरी शक्यता: शेरा खरा आहे. इनबॉक्स हा फार आरामाचा आडोसा असतो. रोज काहीतरी पूर्ण होतं, रोज कुणीतरी आभार मानतं, संध्याकाळी हात रिकामे दिसतात. मुख्य काम मात्र धूसर, लांबलचक, आणि त्यात आपण कमी पडतोय की काय ही धाकधूक. असा पेच असला की माणूस नकळत छोट्या कामात रमतो आणि त्याला त्याग समजतो. तुमचं असंच झालंय असं मी म्हणत नाही, मला ते इथून कळणार नाही. पण उद्या इनबॉक्स कुणी काढून घेतला तर तुम्हाला हायसं वाटेल की जरा भीती वाटेल? भीती वाटली तर प्रश्न इनबॉक्सचा राहिलेला नाही. मुख्य कामात कुठे अडलंय ते एखाद्या जाणत्या सहकाऱ्यासमोर बसून उलगडा.

काम उचलणारा कोण आहे यानेही उत्तर बदलतं. टीममध्ये नवा आलेला माणूस असेल तर त्याने पहिले काही महिने मिळेल ते नकोसं काम घ्यावं. ओळखी होतात, आतली रचना कळते, आणि त्या काळात त्याच्याकडून मोठ्या कामाची अपेक्षाही नसते. खूप अनुभवी माणसाने तर टीममधलं सगळ्यात किचकट, घाणेरडं काम मुद्दाम घ्यावं. त्याच्या योग्यतेबद्दल कुणाला शंका नसते, त्यामुळे त्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. शिवाय त्याने ते केलं की ते काम हलकं राहत नाही. धोका मधल्या फळीला असतो, म्हणजे तुम्हाला. नवखेपणाची सवलत संपलेली असते आणि ज्येष्ठाचं कवच अजून मिळालेलं नसतं.

आणि धोका स्त्रियांना जास्त असतो. यावर नीट प्रयोग झालेला आहे. लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्डे, लिझ व्हेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट या चार संशोधक स्त्रियांनी तो 2017 मध्ये प्रसिद्ध केला. तिघांचा गट, दोन मिनिटांची मुदत, समोर एक बटण. कुणीच दाबलं नाही तर प्रत्येकाला एक डॉलर. कुणी एकाने दाबलं तर दाबणाऱ्याला सव्वा डॉलर आणि उरलेल्या दोघांना प्रत्येकी दोन. म्हणजे काम व्हावं असं सगळ्यांना वाटतं, पण ते दुसऱ्याने करावं. मिश्र गटांत स्त्रियांनी बटण दाबण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा 48 टक्क्यांनी जास्त निघालं. यावरून 'बायकांचा स्वभावच परोपकारी' असा निष्कर्ष काढाल तर थांबा. फक्त स्त्रियांचे आणि फक्त पुरुषांचे गट केले तेव्हा हा फरक नाहीसा झाला. गटात फक्त पुरुष असले की तेही दाबतात. समोर स्त्री असली की ती दाबेल असं गृहीत धरतात, आणि तीही तेच गृहीत धरते. पुढच्या प्रयोगात गटातल्या एकाला विनंती करायला एक प्रमुख नेमला, तेव्हा स्त्रियांना 44 टक्के जास्त विनंत्या आल्या, आणि प्रमुख स्त्री असो वा पुरुष, दोघांनीही तेच केलं. विनंतीला स्त्रियांनी 76 टक्के वेळा होकार दिला, पुरुषांनी 51 टक्के. 'नाही म्हणायला शिका' हा सल्ला बायकांना देणं सोपं आहे. पण विनंतीच जर त्यांच्याकडे जास्त येत असेल तर दुरुस्ती विनंती करणाऱ्याच्या बाजूने व्हायला हवी.

म्हणून टीमप्रमुखांसाठी एक गोष्ट, ते हे वाचत असतील तर. मीटिंगमध्ये 'हे कोण करेल?' असं विचारून गप्प बसू नका. त्या शांततेत कोण आधी अवघडतं याची ती परीक्षा असते, आणि दर वेळी तीच दोन-तीन माणसं अवघडतात. पाळी लावा, तक्ता सगळ्यांना दिसेल असा ठेवा, आणि त्यात तुमचंही नाव घाला. तुमची पाळी आली की खरंच करा, ऐन वेळी 'मला वरिष्ठांची मीटिंग आहे' म्हणून कुणावर ढकलू नका. प्रमुखाने स्वतः इनबॉक्सवर एक आठवडा काढला की वर्षभर अडलेली एखादी दुरुस्ती मंजूर होते, हे मी वारंवार पाहिलं आहे. आणि एखादं काम इतकं मोठं झालं असेल की पाळीने भागत नाही, तर ते कुणाच्या तरी नेमणुकीत लिहा आणि त्याचे गुणही द्या.

थकव्याबद्दल थोडंच. मार्क बोलिनो आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखवलं की अशी वाढीव मदत करून माणसं एका विशिष्ट प्रकारे थकतात, आणि थकल्यावर पुढची मदत आखडती घेतात. माझ्या पाहण्यात त्याची पहिली खूण चिडचिड नसते. कुणी आभार मानले की मनात 'मग तूच का नाही केलंस' असं येतं, ती असते. ती दिसली की काम सोपवायची वेळ झाली, तुम्ही ठरवलेली मुदत अजून बाकी असली तरी.

पुढचं नकोसं काम येईल, नक्की येईल. एकदा उचललं की लोक तुमच्याकडेच बघतात. तेव्हा लांब स्पष्टीकरण देऊ नका. 'इनबॉक्स माझ्याकडे आहे, हे या वेळी दुसऱ्या कुणाकडे जाऊ दे' एवढं पुरतं. त्यानंतरची शांतता तुम्ही भरून काढू नका.

तुमच्यासाठी पुढच्या काही आठवड्यांचा क्रम असा ठेवा. अहवाल वाचणाऱ्यांना या आठवड्यात तो आकड्याचा प्रश्न पाठवा आणि उत्तर न देणाऱ्यांना कळवून त्यांचा अहवाल बंद करा. इनबॉक्सचा तक्ता उद्यापासून सुरू करा. दोन आठवड्यांनी तो घेऊन साहेबांकडे जा. शेऱ्याबद्दल तक्रार करायला जाऊ नका, तक्ता दाखवा, सर्वांत मोठं कारण काढायला किती वेळ लागेल ते सांगा आणि त्यानंतर आठ जणांची पाळी मागा. हे काम पुढच्या मूल्यमापनात कोणत्या शीर्षकाखाली मोजलं जाईल ते त्याच बैठकीत ठरवून घ्या आणि संध्याकाळी दोन ओळींच्या मेलने पक्कं करा. 'इनबॉक्स सांभाळला' असं शीर्षक घेऊ नका. 'ग्राहकांचे मेल अमुकवरून तमुकवर आणले' असं घ्या.

पाळी सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्हाला इनबॉक्समध्ये डोकावायचा मोह होईल. एखादा मेल दोन दिवस तसाच दिसेल, उत्तर तुम्हाला तोंडपाठ असेल. हात लावू नका. ज्याची पाळी आहे त्याला एकदा आठवण करा, आणि त्या आठवड्यासाठी इनबॉक्सच्या सूचना तुमच्या फोनवर बंद करून ठेवा.